तात्यांच्या गोठ्याचा पत्रा उडाला कसा आणि परत घातला कसा

मी विट्याजवळ फॅब्रिकेशनचं काम करतो. गोठे, पोल्ट्री शेड, बेदाण्याचे रॅक, गेट, जिने, जे येईल ते. आमच्या सांगली जिल्ह्यात एप्रिल-मे म्हणजे वळीव, आणि वळीव होऊन गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून फोन सुरू, पत्रं गेलं, जरा बघायला या. बहुतेक ठिकाणी गेल्यावर लोक आपणच कारण सांगून मोकळे होतात, स्क्रू कमी मारले होते. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण गेल्या उन्हाळ्यात तात्यांच्या गोठ्याचं जे झालं त्यात स्क्रूनी आपलं काम केलं होतं आणि तरी अर्धा गोठा उघडा पडला, म्हणून हे एक काम पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढतोय, गोठा बांधणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

तात्या माझ्या आईच्या नात्यातले. तीस वर्षं तामिळनाडूत गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात काढली, आमच्या खानापूर-आटपाडी भागात घरटी एक माणूस तसा बाहेर असतोच. परत गावी येऊन त्यांनी साठवलेल्या पैशातनं बारा एचएफ (होल्स्टिन) गाया घेतल्या आणि ६० फूट बाय ३० फूट गोठा बांधला. दुपाखी, आढं पूर्व-पश्चिम, कडेला उंची १० फूट, मध्ये आढ्याला १३. दहा-दहा फुटांवर सात कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे तिकोनी सांगाडे, एकेकीला दोन असे चौदा खांब. वर साधा नालीचा जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पत्रा. काम तेव्हा दुसऱ्या फॅब्रिकेटरनं केलं होतं, नाव घेत नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हा तात्यांनी जेवढे पैसे सांगितले तेवढ्यात तसंच काम होणार होतं. सहा वर्षं तो गोठा उभा होता, सहा वळीव आणि सहा पावसाळे काढले, काही झालं नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

एप्रिलचा शेवटचा आठवडा. दुपारी चारला दक्षिणेकडनं धुरळ्याचा लोंढा आला, मग गारा, मग वारा. तात्या सांगतात की वीस मिनिटांत सगळं झालं. नैऋत्येचा कोपरा आधी फडफडायला लागला, काकूंनी तो आवाज ऐकून विळ्यानं दावी कापली आणि गाया बाहेर काढल्या, म्हणून जनावरं वाचली. एका कालवडीच्या पाठीवर पत्र्याची धार लागून वीतभर कापलं तेवढंच. दक्षिणेकडचं पाखं जवळजवळ सगळं आणि उत्तरेकडचं थोडं असं मिळून निम्मं छप्पर उचलून शेजारच्या द्राक्षबागेच्या मांडवावर जाऊन पडलं. नुकती खरड छाटणी झालेली बाग, तारा तुटल्या, दोन ओळी झोपल्या. त्यावरनं शेजाऱ्यांशी जे बोलणं झालं ते आता मिटलंय, त्यात जात नाही.

मी पोचलो तेव्हा तात्यांचा मुलगा पडलेले पत्रे ओढायला लागला होता. त्याला पहिलं थांबवलं. गोठ्याची सर्व्हिस वायर तुटून त्याच पत्र्यांखाली गेली होती. लाइनमनला फोन करून पोलवरनं सप्लाय काढून घेतला आणि मगच कुणाला हात लावू दिला. वादळानंतर माणसं मरतात ती बऱ्याचदा अशी, वादळात नाही, दुसऱ्या दिवशी आवराआवर करताना. तलाठ्यांचा पंचनामा व्हायचा होता म्हणून फोटोही काढून ठेवले, आणि त्या फोटोंचा मला पुढं फार उपयोग झाला.

उडालेल्या पत्र्याजवळ बसून नीट बघितलं की तो सगळं सांगतो. स्क्रूचं भोक गोल आणि स्वच्छ असेल आणि स्क्रू पत्र्यातच लटकत असेल तर स्क्रू पर्लिनमधनं, म्हणजे कैच्यांवर आडव्या टाकलेल्या पाइपमधनं, उपसून आलाय. भोक लांबट फाटलेलं असेल आणि स्क्रू पर्लिनमध्येच उभा असेल तर पत्रा स्क्रूच्या डोक्यावरनं निघून गेलाय, म्हणजे पत्रा पातळ किंवा वायसर लहान. तात्यांकडं वळचणीच्या ओळीत भोकं फाटलेली होती, तिथं पत्रा डोक्यावरनं निघाला. पण त्याच्या वर? बागेत पडलेल्या पत्र्यांना पर्लिन तशीच चिकटलेली होती. २० फुटाची चौकोनी पाइप, तिला सहा पत्रे, सगळे स्क्रू जागेवर, आणि पाइपला खालच्या बाजूला जिथं कैची लागते तिथं वेल्डिंगचा नखाएवढा टाका. म्हणजे पत्रा पर्लिनपासून सुटलाच नव्हता, पर्लिन कैचीपासून सुटली होती. उभं करताना पर्लिन जागेवर थांबावी म्हणून जो टॅक मारतात तो मारला होता, नंतर वर चढून पूर्ण वेल्ड करायचा असतो तो राहिला होता. ४० ठिकाणी बघितलं, ३१ ठिकाणी नुसता टाका.

बरं, टाके सहा वर्षांपूर्वीचेच होते. मग सहा वर्षं का टिकलं? हा प्रश्न मला रात्रभर सुटेना. सकाळी परत गेलो आणि गोठ्यात मधोमध उभा राहिलो, तेव्हा उत्तरेच्या भिंतीवर नजर गेली. वीट नवी कोरी. मी विचारलं, "तात्या, ही भिंत कवा बांधली?"

"जानेवारीत. गाया थंडीनं आखडत हुत्या, कडबाबी भिजायचा, मग तिन्ही अंगानं वरपतूर घेतलं. दक्षिणंला ऊन येतंय म्हून ती बाजू मोकळीच ठेवली."

हेच ते. आधी चारी बाजूंनी चार फुटाची भिंत आणि वर सगळं मोकळं होतं, वारा एका अंगानं शिरायचा, दुसऱ्या अंगानं निघून जायचा. तीन बाजू बंद आणि एक उघडी केली की गोठ्याची गोणी होते, तोंडातनं वारा शिरतो आणि निघायला वाट नाही, मग तो वर ढकलतो. त्याच वेळी पत्र्यावरनं जो वारा जातोय तो पत्र्याला वरनं ओढत असतो. खालनं ढकलणं आणि वरनं ओढणं दोन्हीची बेरीज.

सांगलीतले एक ओळखीचे स्ट्रक्चरल इंजिनियर आहेत, त्यांना फोटो पाठवून विचारलं तर त्यांनी आकडे मांडून दाखवले. आपल्याकडं वाऱ्याचा हिशोब आयएस ८७५ भाग ३ या भारतीय मानकाप्रमाणं (कोडप्रमाणं) करतात. त्यात आधी मोकळ्या वाऱ्याचा दाब काढायचा, तो ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. त्या कोडमध्ये पुण्याला ३९ मीटर प्रति सेकंद वेग धरलाय, म्हणजे ताशी १४० किलोमीटर, त्याचा दाब एका चौरस मीटरला ९१० न्यूटनच्या वर जातो, म्हणजे आपल्या भाषेत ९० किलो. आणि अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा एका चौरस मीटरला भरतो पाच किलोच्या आत. पाच किलोच्या वस्तूला ९० किलोनं वर उचलायचं. वारा त्याच्या निम्मा आला तर जोर निम्मा नाही, पाव होतो, वर्गाचा हिशोब आहे, पण पाव म्हणजेही पत्र्याच्या वजनाच्या चौपट-पाचपट झालंच. त्याच कोडमध्ये असं आहे की भिंतीत उघडी जागा ५ टक्क्यांच्या आत असेल तर आतल्या दाबाचा गुणांक ०.२ धरा, २० टक्क्यांच्या वर असेल तर ०.७. तीन भिंती बंद आणि चौथी बाजू उघडी, म्हणजे तात्यांचा गोठा या ०.७ च्या गटात जाऊन बसला होता.

हा हिशोब कळला की पत्र्यावर दगड, वाळूची पोती, जुने टायर ठेवायची जी आपली पद्धत आहे ती कुठं बसते तेही कळतं. दहा-पंधरा किलोचा दगड चार चौरस मीटरला एक. पत्रा उचलला की तोच दगड आधी घरंगळतो आणि खाली माणूस असला तर त्याच्या डोक्यात. मी ज्या ज्या घरी जातो तिथं आधी दगड उतरवायला सांगतो.

तिसरी गोष्ट वळचणीची. पाख्याची तिरकी लांबी सव्वापंधरा फूट. त्यावर १० फुटी आणि ८ फुटी पत्रा, सहा इंचाचा लॅप (एका पत्र्यावर दुसऱ्याचा चढ), म्हणजे साडेसतरा फूट झाला. जास्तीचे दोन-सव्वादोन फूट कापायचे सोडून तसेच बाहेर काढले होते, सावली पडते म्हणून तात्यांनाही ते आवडलं होतं. खाली आधार काही नाही. वाऱ्याला धरायला एवढी मोठी झालर मिळाली, ती फडफडली, भोकं फाटली, आणि एकदा कड उचलली की मागचं सगळं केळीच्या सोपासारखं सोलत गेलं. आणि जिथं पत्रा कापला होता तिथं तो ग्राइंडरनं कापलेला, तिथला जस्ताचा थर जळून गेलेला आणि गंजाची लाल पट्टी.

दुरुस्तीचं ठरवायला बसलो तेव्हा तात्यांचं म्हणणं साधं होतं, नवीन जाड पत्रा घाल आणि डबल स्क्रू मार. मी म्हणलं आधी खांबाजवळ खड्डं काढायचं. तात्या चिडलेच.

"आरं पत्रा वर उडालाय आन तू खाली खड्डं काय काढतुयस?"

त्यांना तिथंच मातीवर रेघा मारून दाखवलं. एका मधल्या कैचीच्या वाट्याला दहा फूट बाय बत्तीस फूट छप्पर येतं, जवळजवळ ३० चौरस मीटर. मीटरला ९० किलो म्हणलं तर २७०० किलो. दोन खांबांत वाटलं तर एका खांबाला १३५० किलो वर ओढणार. पत्रा स्क्रूला धरतो, स्क्रू पर्लिनला, पर्लिन कैचीला, कैची खांबाला, खांब पायाला, आणि पाया स्वतःच्या वजनानं जमिनीला धरून असतो. एक कडी मजबूत केली की ओढ पुढच्या कडीवर जाते, कमी होत नाही. टाके पक्के असते तर कदाचित पत्रा वाचला असता आणि खांब उपटला असता. एका खांबाशी खणून बघितलं, दीड फूट बाय दीड फूट, दोन फूट खोल. साडेचार घनफूट काँक्रीट, वजन ३०० किलो. तात्या गप्प झाले, मग म्हणले, "काढ खड्डं."

चौदा खड्डे, अडीच बाय अडीच, साडेतीन फूट खोल, जुना पाया मध्ये ठेवून भोवती. खांबाला खाली आडव्या सळया वेल्ड केल्या म्हणजे काँक्रीट खांबाला सोडणार नाही, आणि भरून घेतलं. आता एका खांबाला १४०० किलोच्या वर वजन झालं, शिवाय भोवतीच्या मुरमाची पकड वेगळी. ५० च्या वर पोती सिमेंट त्यातच गेलं आणि सगळ्या कामातले सर्वात जास्त दिवस खड्ड्यात गेले, जे बाहेरनं बघणाऱ्याला दिसत पण नाही. गावातली माणसं येऊन विचारायची की पत्रा कवा टाकणार.

भिंतींचं तात्यांना पटवायला मात्र जास्त बोलावं लागलं नाही, कारण जनावरांचे डॉक्टर त्यांना आधीच ओरडले होते. कोंडलेल्या गोठ्यात गोमूत्राचा अमोनिया साठतो, जनावरं खोकतात, आणि तोच अमोनिया पत्र्याला खालनं खातो. उत्तरेची भिंत पाच फुटावर उतरवली, पूर्वेच्या टोकाच्या भिंतीचा आढ्याखालचा तिकोनी भाग काढला. पश्चिमेची ठेवली, पावसाळ्याचा मारा तिकडनं असतो.

पर्लिन आधी एका पाख्याला चार होत्या, पाच-पाच फुटांवर. आता पाच केल्या, वळचणीची पहिली आणि आढ्याजवळची शेवटची जागा जरा आणखी जवळ, कारण वारा कडांना आणि कोपऱ्यांना मधल्या भागापेक्षा फार जास्त ओढतो. प्रत्येक पर्लिन प्रत्येक कैचीवर अँगलची क्लीट (जोडायचा छोटा तुकडा) लावून, १२ एमएमचे बोल्ट टाकून बसवली. वेल्डिंग चांगलं झालं का वाईट हे वरनं रंग लावल्यावर कुणाला कळत नाही, बोल्ट आहे का नाही हे लहान पोरगंही सांगतं. दोन्ही टोकांच्या गाळ्यात तिरपे रॉड ओढले, ते आधी अजिबात नव्हते.

मग पत्र्याची खरेदी. तात्यांच्या मनात सिमेंटचा पत्रा होता, गारवा राहतो म्हणून. गारवा राहतो हे खरं आहे. पण तो ठिसूळ, गारांनी तडकतो, वर चढलेला माणूस सरळ आरपार खाली येतो, आणि त्यातल्या अॅस्बेस्टॉसची धूळ कॅन्सरकारक आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं स्पष्ट सांगितलंय. मी ते पत्रे कापत नाही आणि माझ्या पोरांना कापू देत नाही. शेवटी कलर कोटेड ठरला, पांढरट रंगाचा. तात्यांना निळा हवा होता, पण दुधाच्या गायांना उन्हाळ्यात जेवढी उष्णता कमी तेवढं बरं, फिका रंग ऊन परत फेकतो.

०.५० सांगून ०.४५ देणं हे आमच्या धंद्यातलं रोजचं दुखणं आहे. बिलावर ०.५० लिहिलेलं असतं, त्यात रंगाचा थर धरलाय का नुसतं लोखंड हे कुणी सांगत नाही. मी वजन करतो. हे पत्रे बहुतेक १२२० एमएम रुंदीच्या कॉइलचे निघतात, म्हणजे अर्ध्या एमएमला एका मीटर लांबीचं वजन ४.८ किलोच्या जवळ यायला पाहिजे. आम्हाला साडेसोळा फुटाचे एकसंध पत्रे पाहिजे होते, मध्ये लॅपच नको, म्हणजे एक पत्रा साधारण २४ किलो. पहिल्या दुकानात काट्यावर ठेवला तर २१ भरला. काही न बोलता दुसरीकडं गेलो, तिथं साडेतेवीस भरला, घेतला. एका पाख्याला १९ असे ३८ पत्रे, आणि स्क्रू अकराशे.

पत्रा टाकायच्या आधी चौकट काटकोनात आहे का बघायचं. ६० बाय ३० चा कर्ण ६७ फूट १ इंच यायला पाहिजे, दोन्ही अंगांनी सारखा. आमचा एक कर्ण चार इंचांनी जास्त आला, म्हणजे गोठा मुळातच तिरका. खांब तर हलवता येत नाहीत. अशा वेळी भिंतीच्या कडेला धरून पहिला पत्रा लावला की पुढं प्रत्येक पत्रा थोडा थोडा तिरका जातो आणि विसाव्या पत्र्याला वळचण करवतीच्या दातासारखी दिसते. आम्ही वळचणीला दोरा ताणला, ३-४-५ नं काटकोन काढला, पहिला पत्रा त्या काटकोनावर बसवला आणि जो तिरपेपणा आहे तो तिकोनीच्या कडेला पट्टीखाली जाऊ दिला. या एका पत्र्याला आम्ही सकाळचे दोन तास दिले. पोरं कंटाळली, पण पहिला बरोबर बसला की बाकीचे धावतात.

सुरुवात पूर्वेच्या टोकापासनं. आपल्याकडं पावसाळ्यात वारा पश्चिमेकडनं, म्हणून पूर्वेकडनं पश्चिमेकडं यायचं, प्रत्येक नवा पत्रा आधीच्यावर चढवायचा, म्हणजे लॅपची उघडी फट वाऱ्याच्या पाठीला राहते. उलटं केलं तर चार महिने पाऊस फटीत मारत राहतो आणि लोक सिलिकॉनच्या नळ्या रिकाम्या करत बसतात. वळीव काय कुठनंही येतो, त्याला काही करता येत नाही, पण तो अर्धा तास असतो, मान्सून चार महिने.

स्क्रू आम्ही नालीच्या डोक्यावर मारतो, खोलगट भागात नाही. खोलात मारला की पकड जरा घट्ट येते हे मान्य, पण पाणी तिथनंच वाहतं, रबर संपलं की गळतीची जागा तयार. डोक्यावर मारायचा तर स्क्रू लांब लागतो, ५५ एमएमचा, आणि तो सरळ उभा जायला पाहिजे. तिरका गेला की वायसर एका बाजूनं उचललेला राहतो. आणि आवळायचा किती? ईपीडीएमचं काळं रबर टोपीच्या कडेपर्यंत आलं की थांबायचं. त्याच्या पुढं आवळलं तर रबर चिरडून बाहेर येतं, नाली चेपते, डोक्याभोवती वाटी होते, त्यात पाणी थांबतं. इम्पॅक्ट गननं ठोकत सुटलेलं पोरगं दिवसात पाचशे स्क्रू मारतं आणि त्यातले दोनशे दोन वर्षांत गळतात. आम्ही क्लचवाला स्क्रूगन वापरला, सावकाश. वळचण, आढं आणि दोन्ही टोकांना प्रत्येक नालीला स्क्रू, मध्ये एकाआड एक. लॅपवर दीड-दीड फुटाला छोटा स्क्रू, पत्र्याला पत्रा शिवायचा. हा शिवणकामाचा स्क्रू आमच्याकडं बरेच जण मारतच नाहीत आणि फडफडीची सुरुवात तिथनंच होते. वळचण आखूड ठेवली, बस.

रोज संध्याकाळी पत्र्यावरचा कीस मऊ कुंच्यानं झाडून काढायचा. ड्रिलचा बारीक कीस रात्रीच्या दवानं गंजतो, सकाळी पांढऱ्या पत्र्यावर लाल ठिपके, आणि ते ठिपके रंग खात आत जातात. जिथं कापावं लागलं तिथं कात्रीनं कापलं, ग्राइंडर वर नेलाच नाही.

कामाची वेळ पहाटे साडेपाच ते अकरा. मे महिन्यात अकरानंतर वारा उठतो, पत्रा तापून हात भाजतो, आणि साडेसोळा फुटाचा पत्रा वाऱ्यात म्हणजे शिडाची होडी. हे सगळं माहीत असून तिसऱ्या दिवशी मी चुकलो. चार पत्रे राहिले होते, साडेअकरा झालेले, म्हणलं उरकून टाकू. वावटळ आली. वर असलेल्या दोघांच्या हातात पत्रा होता, तो उचलला आणि एका पोराला घेऊन आढ्याकडं ओढत नेलं. बेल्ट आणि दोरी आढ्याच्या पाइपला होती म्हणून तो तिथं अडकून राहिला, कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. पत्रा खाली जाऊन वाकला. त्या पोराला घरी सोडायला गेलो तेव्हा त्याच्या आईनं चहा केला आणि मला तो घशाखाली उतरेना. तिला मी सांगितलं काय झालं ते. त्या दिवसापासनं अकरा म्हणजे अकरा, आणि न आवळलेला एकही पत्रा रात्री वर राहू द्यायचा नाही, खालची थप्पीसुद्धा दोरीनं बांधून.

आढ्याला नऊ इंचाची फट ठेवून वर उचललेली टोपी बसवली, गरम हवा आणि अमोनिया निघून जायला. २० मेला काम संपलं.

२७ मेला परत वळीव आला. मी तासगावला दुसऱ्या साइटवर होतो, आभाळ तिकडं काळं झालेलं दिसत होतं आणि मी दर पाच मिनिटाला फोन लावत होतो, लागत नव्हता. रात्री आठला तात्यांचाच आला. "पत्रा जाग्याव हाय. पर वरनं गळतंय." दुसऱ्या दिवशी चढून बघितलं तर चूक माझी. आढ्याजवळ पत्र्याच्या वरच्या टोकाला खोलगट भाग पकडीनं वर वळवायचा असतो, म्हणजे वाऱ्यानं उलटं चढलेलं पाणी तिथं अडतं आणि परत फिरतं. ते मी पश्चिमेकडच्या सात-आठ पत्र्यांना केलंच नव्हतं, घाईत राहिलं. टोपी खोलून ते वळवून परत बसवली, पैसे घेतले नाहीत. त्याच वेळी सगळ्या क्लीटचे बोल्ट पाना लावून बघितले, एकही ढिला नव्हता. खांबाच्या बुडाला नव्या काँक्रीटभोवती केसभर चीर पण नव्हती, ते बघायला मी गुडघ्यावर बसून चौदाच्या चौदा फिरलो.

जुन्या पत्र्यांतले जे सरळ होते ते तात्यांना छपरावर परत घालायचे होते, कडब्यासाठी वेगळं शेड करू म्हणत होते. भोकं पडलेला पत्रा छपराला घालायचा नाही म्हणलं, ते कंपाउंडला उभे लावले.

आता नोव्हेंबरात तात्यांचा परत फोन, थंडी सुरू झालीय, उत्तरेची भिंत पुन्हा वर घेऊ का, गाया आखडतात. मी म्हणलं वीट लावू नका. गोणपाटाचे पडदे शिवून घेतले, खाली आडवी काठी, दोन्ही टोकांना दोऱ्या, संध्याकाळी सोडायचे आणि सकाळी गुंडाळायचे. आणि मार्च संपला की काढून माळ्यावर टाकायचे, हे काकूंना वेगळं सांगून आलोय, कारण तात्या विसरतील, काकू विसरणार नाहीत.